दुसरी घागर

काल दुपारी वारा एकदम पडला. गेले कितीतरी दिवस अमरावतीत सकाळपासूनच झळा लागताहेत. नळाचं पाणी अंगावर घेववत नाही, दाराच्या कड्या हाताला भाजतात, आणि कॉलेजातून परतताना डोक्याला ओला पंचा गुंडाळलेली ओळखीची माणसं नुसती मान हलवून पुढे जातात. मला हे बरं वाटतं. न बोलायला कारण मिळतं. पण काल पश्चिमेला, अकोल्याच्या बाजूला, आभाळ मळकट झालं, झाडांची पानं हलायची थांबली, आणि समोरच्या घरातल्या रेडिओवर कोणी बाई हवामान सांगू लागली. विदर्भात पारा आणखी चढेल. तुरळक ठिकाणी वादळी वारे, गडगडाट, पाऊस. मी उठून खिडकी लावली. तरी ते ‘तुरळक ठिकाणी’ आत आलंच, आणि त्याच्यामागून इंदूमावशीचा आवाज आला.

“म्हणजे कोन्या गावी वं?”

शाळेच्या सुट्टीत, अकोल्याला, ती मला हे दर दिवशी विचारायची.

मावशी आईची धाकटी बहीण. अकोल्याला जठारपेठेत भाड्याच्या दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे न्हाणी आणि एक कडुनिंब, एवढ्यात ती, तिचे यजमान आणि सासू राहत. शाळेला सुट्टी लागली की मला तिकडे पाठवत. अमरावतीच्या कॉन्व्हेंटमध्ये मी वर्षभर इंग्रजीत गप्प असायची. जठारपेठेत मराठीत गप्प असायची. मावशीची सासू, जिला मी आजी म्हणायची, मला ‘मड्डम’ म्हणे. “मड्डम, तोंड हाये का अमरावतीले ठेवून आली?” असं विचारून स्वतःच हसे, आणि तिखट-मीठ लावलेली कैरीची फोड माझ्या हातावर ठेवी. मावशी हसत नसे, पण माझ्या ताटात वाढताना तिचा हात थोडा जास्त वाकायचा.

मावशीचे यजमान, आमचे काका, तारखात्यात लाइनमन होते. लोकांचा उन्हाळा आंब्याचा, लग्नांचा. त्यांचा उन्हाळा तुटलेल्या तारांचा. चैत्र-वैशाखात दिवसभर तापलं की उतरत्या उन्हात कुठूनतरी वावधान सुटे. आधी रस्त्यावरचा पाचोळा गोल फिरायचा, मग धुळीची भिंत यायची, पत्रे वाजायचे, आणि अर्ध्या घटकेत सगळं शांत. अकोल्यात थेंब पडलेला नसायचा, पण दूर कुठेतरी बाभळ आडवी होऊन तारेवर पडलेली असायची. दुसऱ्या दिवशी काका सायकलच्या कॅरिअरला तारेचं वेटोळं बांधून निघत. पिशवीत पकडी, दोर, आणि खांबावर बसवायच्या पांढऱ्या चिनी मातीच्या जाड वाट्या. एक टवका उडालेली वाटी त्यांनी घरी आणली होती. ती उलटी धरून मावशी तिच्यात कुंकू ठेवायची.

जठारपेठेच्या रस्त्यावर एक खांब होता. मी लहान असताना काकांनी माझा कान त्याला टेकवला होता. खांब तापलेला, आणि आत लांबून येणारी, न थांबणारी घूं.

“बोलून राहिले ना?”

“काय म्हणतात?” मी विचारलं होतं.

“आपल्याले थोडी सांगतील! ज्याचं त्याले सांगतात.”

त्यानंतर मी त्या खांबाजवळून कधी घाईनं गेले नाही. पुढे मावशीही तिथून घाईनं जात नसे. बाजारातून येताना तिची चाल तिथे मंद व्हायची. कान लावणं तिला शोभलं नसतं. ती पिशवी खाली ठेवायची, पदर सारखा करायची, पुन्हा पिशवी उचलायची.

ज्या वर्षी काका गेले, म्हणजे घरातून गेले, त्या वर्षी मी अकोल्यातच होते. सकाळ पांढरी होती. आभाळाला रंगच नव्हता. पूर्णेपलीकडची तार आदल्या दिवशीच्या वाऱ्यानं पडली होती. “आज नका जाऊ, नुसतं आंग जळून राहिलं,” मावशी म्हणाली. काका पायात वहाण सरकवत म्हणाले, “तारेले काय ऊन लागते? ते वाट पाहून राहिली.” आजीनं कांदा त्यांच्या खिशात घातला. ऊन बाधू नये म्हणून तिकडे खिशात कांदा ठेवतात. काकांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

संध्याकाळी तारेचं काम झाल्याचं ऑफिसात कळलं; पलीकडून तार यायला लागली होती. काका आले नाहीत. अकोल्यात त्या दिवशी पाऊस नव्हता. उत्तरेला, वर सातपुड्याकडे, विजा चमकताना दिसल्या एवढंच. पाऊस तिथे कुठेतरी झाला आणि पूर्णेचं कोरडं पात्र इकडे भरलं. पुलाचा वळसा नको म्हणून उन्हाळ्यात सारेच वाळूतून पलीकडे जात. काकांची सायकल अलीकडच्या काठावर बाभळीला टेकवलेली सापडली. कुलूप लावलेलं होतं. किल्ली त्यांच्याजवळ. वाळूत डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे, मळे लावणारे लोक पळून काठावर आले होते. त्यांच्यातला एक म्हणाला, पाण्यात माणूस दिसला. दुसरा म्हणाला, नाही, एक माणूस पलीकडच्या काठानं पाठमोरा चालत गेला. खाली पुष्कळ गावांपर्यंत शोधलं. काही मिळालं नाही.

सायकल घरी आणली तेव्हा ती उचलूनच आणावी लागली. कुलूप कोणी तोडलं नाही. ओसरीच्या कोपऱ्यात ती उभी राहिली, आणि आजी रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात मला पाठवावं की नाही यावर आमच्या घरी बोलणं झालं. मी काही म्हटलं नाही, म्हणून पाठवलं.

मावशी तशीच होती. कपाळावर कुंकू, हातात बांगड्या, डोक्यावर पदर. फक्त एक नवीन होतं. शेजारच्या वकिलांकडे इंग्रजी पेपर यायचा, तो त्यांचं वाचून झालं की ती मागून आणायची आणि माझ्यापुढे ठेवायची. “हवेचं वाच.” बाकी बातम्यांशी तिला घेणं नव्हतं. मी तो छोटा चौकोन वाचायची आणि मराठीत सांगायची. तापमान वाढेल. तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस.

“म्हणजे कोन्या गावी वं?”

“गावाचं नाव नसतं, मावशी.”

“मंग ते कायले छापतात?”

पेपर नागपूरहून यायचा, वकिलांकडून आमच्याकडे यायला दुसरा दिवस उजाडायचा. म्हणजे आम्ही दोघी होऊन गेलेल्या दिवसाचं हवामान वाचत होतो. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मावशीलाही कळलं असणार. तरी ती हातातलं काम ठेवून ऐकायची. काल पाऊस येणार होता का, हे ती दर दिवशी नव्यानं विचारत होती असं मला वाटायचं.

अखजी जवळ आली. अक्षय तृतीयेला तिकडे अखजी म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं नव्या मातीच्या घागरी पाण्यानं भरून मांडतात, गळ्याला सूत गुंडाळतात, तोंडावर डांगर ठेवतात, शेवया, कुरडया, चिंचेच्या सारासकट नैवेद्य दाखवतात. वैशाखात मेलेल्यालाही तहान लागते म्हणून. मावशीच्या सासरी एक जास्तीची रीत होती. दुपारी जेवणं झाली की घागरींच्या खोलीत कोणी बोलायचं नाही. संध्याकाळी डांगर उचलून पाहायचं. पाणी उतरलेलं असलं की म्हणायचं, पिऊन गेले. मावशीच्या सासऱ्यांची घागर दर वर्षी मांडत, आणि दर वर्षी ते पिऊन जात.

काकांचे मोठे भाऊ, ज्यांना घरात सारे बापूजी म्हणत, खेड्यावरून त्यासाठी येत. त्या वर्षी आल्या आल्या त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “यंदा नामदेवची बी मांडू.” नामदेव म्हणजे आमचे काका.

मावशी चुलीशी होती. “मी मांडू देत नाई,” ती म्हणाली. भासऱ्यांसमोर, थोरल्या दिरासमोर, तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

“सूनबाई, गावात लोकं इचारतात. काय सांगू? हाये म्हनू का नाई म्हनू?”

“इचारू द्या.”

मग आजी बोलली, आणि ती मावशीच्या बाजूनं बोलली नाही. “काऊन मांडू देत नाईस वं? तुले कुकू प्यारं झालं. माहा लेक या उन्हात ताहानेला फिरून राहिला असन, अन् त्याले घोटभर पानी बी नको देऊ?”

मावशीनं तवा उतरवला. “मांडा,” ती म्हणाली.

बापूजी मऊ झाले. “आपन काई ठरवत नाई. घागर ठरवन. पानी नाई उतरलं, तं नामदेव हाये कुठीतरी, मी गावात छाती ठोकून सांगीन. उतरलं तं मंग मानाव लागन. मंग सूनबाईनं...” पुढचं त्यांनी टोपीला सांगितलं, डोक्यावर ती नीट बसवता बसवता. खिडकीत ती पांढरी वाटी होती, कुंकवाची. मावशीनं तिच्याकडे पाहिलं नाही. मी पाहिलं.

डांगर आणायला आजी स्वतः गेली. विकणाऱ्याला तिनं आधी विचारलं, “पूर्नेचं हाये का?” तो हो म्हणाला तेव्हा ती पुढच्या माणसाकडे गेली.

दोन घागरी एकाच कुंभाराच्या. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ओल्या मातीची आळी करून त्यात बसवल्या. पहिली सासऱ्यांची, दुसरी काकांची. बापूजींनी दोन्ही गळ्यापर्यंत भरल्या. दुसरी भरताना थोडं पाणी बाहेर गेलं. नैवेद्य झाला. आम्ही जेवलो, म्हणजे ताटावर बसलो. मग बापूजी ओसरीत सायकलीशेजारी पंचा तोंडावर घेऊन आडवे झाले, मावशी भिंतीकडे तोंड करून जमिनीवर, आणि मी दाराला लावलेल्या वाळ्याच्या ताटीजवळ, जिथे ओला वास येत होता तिथे.

कितीतरी दिवस ऊन वाढत वाढत आलं होतं. त्या दिवशी ते पुढे जायचं थांबलं आणि घरातच बसलं. वारा नाही. कडुनिंबावर कावळासुद्धा नाही. आभाळ मळत चाललं होतं, आणि माणसं झोपली होती की झोपल्यासारखी पडली होती ते ओळखता येत नव्हतं. मी पापण्या अर्ध्या मिटून घागरींकडे पाहत होते. नव्या मातीला घाम फुटत होता. ओलीची एक गडद रेघ पोटावरून खाली सरकत होती, दोन्हींवर सारखी. मला तेव्हा शाळेत शिकलेलं सगळं आठवत होतं. माती सच्छिद्र असते. पाणी पाझरतं, वाफ होतं, म्हणून उरलेलं थंड होतं. संध्याकाळी काय दिसणार हे मला इंग्रजीत अगदी नीट माहीत होतं.

तेव्हा आजी आली. पितळी गडू घेऊन, भिंतीला धरून. सासऱ्यांच्या घागरीजवळ ती थांबली नाही. दुसरीवरचं डांगर तिनं छातीशी धरलं, लेकरू धरतात तसं, आणि गडू वाकवला. उजव्या हाताचं बोट धारेखाली धरलं. पाणी बोटावरून ओघळत घागरीत जात होतं आणि त्याचा आवाज अजिबात होत नव्हता. मधेच तिनं मान वळवली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा डांगर जागेवर होतं आणि आजी नव्हती.

संध्याकाळी बापूजींनी पहिल्या घागरीवरचं डांगर उचललं. पाण्याला लागायला त्यांना बोटं आत घालावी लागली. “पिऊन गेले बाबा,” ते म्हणाले. दुसरीवरचं उचललं आणि बोट टेकवताच ओलं झालं. ते तसेच वाकून राहिले. मग घागर टिचक्या मारून पाहिली. खालची माती चाचपली. शेवटी माझ्याकडे वळले.

“तू शिकेल हायेस ना वं पोरी? सांग बरं. एकाच कुंभाराच्या दोन घागरी. एकीचं उतरलं, एकीचं काऊन नाई उतरलं?”

मावशी दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. आयुष्यात तिनं माझ्याकडे तसं एकदाच पाहिलं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

“तिले काय इचारता!” आजी मोठ्यानं म्हणाली. “तिचं तोंड अमरावतीले हाये. नाई आला माहा लेक. नाई प्याला. पाह्यलं ना? झालं तं मंग.” आणि ती खाली बसून रडली. पुष्कळ रडली. बापूजींनी डोळे पुसले. मावशी आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावरचं कुंकू ताजं होतं, ओलं. त्या रात्रीही पाऊस दुसरीकडे कुठेतरी झाला.

मी त्या दुपारचा खूप विचार केला आहे. कॉलेजच्या वाचनालयात, बसमध्ये, वर्गात मुलींची हजेरी घेताना. आजीनं मुलाला जिवंत ठेवलं असं मी बरीच वर्षं मानत होते. मग एका उन्हाळ्यात मला दुसरंच सुचलं. तिला तो आलेला दिसला असेल. तहानेला, खिशात वाळलेला कांदा, सायकलची किल्ली. तो प्याला असेल, आणि त्याचं भागलं नसेल, म्हणून आईनं पुन्हा भरलं असेल. यातलं खरं कोणतं हे तिला विचारण्याइतकं माझं तोंड कधीच अकोल्याला पोचलं नाही. दर वर्षी अखजी झाली की आई अकोल्याहून येऊन सांगायची, “यंदाही उतरलं नाही म्हणे.” बाबा म्हणायचे, “हवेत दमटपणा असेल.” मी माझ्या खोलीत जायची.

या पौषात आजी गेली. तापाचं निमित्त झालं. आणि अखजीच्या आधी जठारपेठेतले शेजारी अमरावतीला लग्नाला आले, त्यांच्याबरोबर मावशीनं मला निरोप पाठवला. “अखजीले नक्की येजो म्हनावं.” एवढ्या वर्षांत तिनं मला कधी बोलावलं नव्हतं. मी आपली जात असे, नाहीतर नसे.

बस मूर्तिजापूर सोडून पुढे गेली तेव्हा रस्त्याच्या कडेनं तारा होत्याच. दोन खांबांमध्ये झुकायच्या, खांबाशी पुन्हा वर यायच्या. काळं रान उन्हानं भेगाळलेलं. क्षितिजाशी धुळीचे खांब उठायचे, थोडं चालायचे आणि बसायचे. मावशीनं दार उघडलं. केस पांढरे झालेत. कुंकू तेवढंच मोठं आहे. सायकल पुसलेली होती.

यंदा तीन घागरी. सासऱ्यांची, आजीची, काकांची. बापूजी आता काठी घेऊन चालतात. घागरी मी आणि मावशीनं भरल्या, त्यांनी नुसता हात लावला. “पाहू नामदेव काय म्हनते,” ते म्हणाले. गावात आता कोणी विचारत नसेल. ते मात्र दर वर्षी विचारतात. जेवणं झाली. बापूजी ओसरीत पंचा तोंडावर घेऊन आडवे झाले. मावशी भिंतीकडे तोंड करून जमिनीवर. मी ताटीजवळ, माझ्या जागेवर.

वारा पडला. उत्तरेकडे कुठेतरी, फार लांब, गडगडलं. ओलीची गडद रेघ तिन्ही घागरींवरून खाली सरकू लागली. मी वाट पाहत होते. कशाची ते थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं. भिंतीला धरून कोणी येणार नव्हतं. मावशीची पाठ हलत नव्हती. झोपलेल्या माणसाचा श्वास असा नसतो. तिच्या बांगड्या, इतकी वर्षं जपलेल्या त्याच, हाताखाली गोळा झाल्या होत्या. तिनं स्वतः उठून पाणी घालायचं ठरवलं तर सगळंच संपणार होतं. ती फक्त पडून राहू शकत होती. तसंच ती दर वर्षी पडून राहिली असणार. खिडकीतल्या पांढऱ्या वाटीवर मळकट उजेड होता.

मी उठले. आजीचा पितळी गडू कोनाड्यात होता. रांजणातून तो भरला. काकांच्या घागरीवरचं डांगर उचललं. वाटलं होतं त्यापेक्षा ते जड निघालं. पाणी चांगलंच खाली गेलं होतं. मी गडू वाकवला, आणि त्या बंद खोलीत पाण्याचा आवाज इतका मोठा झाला की ओसरीतला पंचा हलल्यासारखा वाटला. माझा हात जागीच थांबला.

मावशी वळली नाही. भिंतीकडे तोंड करूनच, नेहमीच्या, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगतात तशा आवाजात ती म्हणाली,

“धारेखाली बोट धर वं. आवाज होते.”

मी बोट धरलं.